मास्तरांचं पोकळ हाड

बाईंनी प्लास्टरच्या खोलीत भिंतीवर कागद चिकटवला, त्या दिवशीच मास्तरांनी मनाशी पक्कं केलं, की ही बाई आपल्या मुळावर उठली आहे. कागदावर दोनच ओळी होत्या. प्लास्टरआधी एक एक्स-रे, प्लास्टरनंतर एक. कुणालाही सूट नाही.

'कुणालाही' म्हणजे कुणाला, हे न कळायला मास्तर काही दूधखुळे नव्हते. एकतीस वर्षं ते त्या दवाखान्यात मोडलेली हाडं ओढून बसवत होते आणि वर प्लास्टर घालत होते. शिक्षण म्हणाल तर बेताचंच, पण हात असा, की सुजलेलं मनगट नुसतं चाचपून आत काय कुठे सरकलंय ते सांगावं. दवाखान्याचे मालक मोठे डॉक्टर चारचौघांत म्हणायचे, "मास्तरांच्या हाताखालून गेलं, की पुन्हा फोटो कशाला?" त्यातून रीतच पडून गेली. हाड जागेवर आलं, की मास्तर ओल्या प्लास्टरवर शाईच्या पेन्सिलीने तारीख घालायचे आणि खाली एकच शब्द लिहायचे, 'बसलं'. तो शब्द दिसला, की एक्स-रेवाला पेशंटला दारातूनच घरी धाडायचा.

पुढे मोठ्या डॉक्टरांचे हात थरथरायला लागले, ते घरी बसले आणि त्यांच्या खुर्चीवर आली त्यांची सून. तीही हाडांचीच डॉक्टर. लग्न होऊन आली तेव्हा याच मास्तरांनी तिला दवाखाना फिरवून दाखवला होता, आणि आता ती त्यांना कागद दाखवत होती!

"मास्तर, तुमच्या बोटांना डोळे आहेत, कबूल," बाई म्हणाल्या होत्या. "पण ते डोळे मला फाइलला लावता येत नाहीत."

"तुमच्या सासऱ्यांनी इतकी वर्षं फाइलला काय लावलं मग?"

"काहीच नाही. म्हणून तर कागद लावलाय."

झालं! त्या दिवसापासून दोघांचं बोलणं म्हणजे नुसतं दगड फेकणं. बाई आल्या, की मास्तर बादलीतलं पाणी मुद्दाम जोरात ओतायचे. मास्तर आले, की बाई घड्याळ बघायच्या. मधे पडेल त्याचं डोकं फुटायचं, म्हणून एक्स-रेवाला बिचारा आपल्या अंधाऱ्या खोलीतून बाहेरच यायचा नाही.

आता खरी गोष्ट सांगतो. मास्तरांचं स्वतःचं उजवं मनगट वर्षभर दुखत होतं. कपबशी उचलताना दुखायचं, दाराची कडी लावताना दुखायचं. अंगठ्याच्या बुडाशी एक खळगा असतो. पडलेल्या माणसाचा तो खळगा दाबायचा, तो कळवळला तर आतलं काजूएवढं हाड मोडलंय असं समजायचं, ही मास्तरांची पहिली परीक्षा. हजारो लोकांचे खळगे त्यांनी दाबले होते. स्वतःचा मात्र वर्षभरात एकदाही दाबला नाही. घाबरले होते, दुसरं काय! दाबला आणि दुखला, तर पुढे काय करायचं ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

आणि त्यातच एका सोमवारी सकाळी इस्त्रीवाली आली.

इस्त्रीवाली म्हणजे मास्तरांच्याच गल्लीच्या कोपऱ्यावर दुकान असलेली बाई. दंडाने भक्कम, जिभेने त्याहून. धुतलेला पडदा परत अडकवायला स्टुलावर चढली, स्टूल डुगडुगलं, ती तळहातावर आपटली, आणि मनगटाच्या वरचं मोठं हाड मोडून मागे सरकलं. पहिला एक्स-रे निघाला. बाईंनी जागा बधिर करायचं इंजेक्शन दिलं, "मास्तर, प्लास्टर झालं की दुसरा फोटो. विसरू नका," असं बजावलं आणि त्या ऑपरेशनला निघून गेल्या.

"विसरू नका म्हणे," मास्तर पुटपुटले. "मी काय शाळेत आहे?"

"मास्तर, भांडण नंतर करा," इस्त्रीवाली म्हणाली. "आधी माझा हात बघा. या हातावर माझं दुकान आहे."

एक्स-रेवाल्याने तिचं कोपर घट्ट धरलं. मास्तरांनी तिचा पंजा दोन्ही हातांत घेतला, पाय रोवले आणि ओढायला सुरुवात केली. हाड सुटं झालं, पुढे सरकलं, आता नुसतं खाली वळवून दाबायचं बाकी होतं. तेवढ्यात आवाज आला. कट्!

"बसलं!" एक्स-रेवाला म्हणाला.

"बसलं का? देवा रे, सुटले एकदाची," इस्त्रीवाली म्हणाली.

पण बसलं नव्हतं. तो आवाज तिच्या मनगटातला नव्हताच. तो मास्तरांच्या उजव्या मनगटातला होता. कळ अशी गेली काखेपर्यंत, की डोळ्यांपुढे काजवे चमकले. हातातलं बळच गेलं, आणि जागेवर येत आलेलं तिचं हाड मास्तरांच्या बोटांखालून पुन्हा मागे सरकलं. त्यांना ते लख्ख कळलं. एकतीस वर्षं त्या बोटांनी त्यांना कधी फसवलं नव्हतं, आणि त्या दिवशीही फसवलं नाही.

इथे मास्तरांनी तोंड उघडायला हवं होतं. 'थांबा, माझा हात गेलाय, बाईंना बोलवा,' एवढंच म्हणायचं होतं. पण समोर भिंतीवर तो कागद होता, आणि बाईंचा चेहरा कसा होईल ते मास्तरांना दिसायला लागलं. त्यांनी ओठ घट्ट मिटले. डाव्या हाताने पट्ट्या भिजवल्या, डाव्याच हाताने गुंडाळल्या, उजवा नुसता टेकवायला ठेवला. वर तारीख घातली. तो शब्दही लिहिला, डाव्या हाताने, वाकडातिकडा.

"दुसरा फोटो?" एक्स-रेवाल्याने दबकत विचारलं.

"तुला वाचता येतं ना? काय लिहिलंय त्यावर?"

एक्स-रेवाल्याने मान खाली घातली. इस्त्रीवाली मास्तरांना दुवा देत घरी गेली.

दुसऱ्या दिवशीपासून मास्तर लांब बाह्यांचा शर्ट घालायला लागले. आत पुठ्ठा आणि क्रेप बँडेज, तेही स्वतःच बांधलेलं. कुणी विचारलं तर मुरगळला. प्लास्टरं कापायची आणि घालायची कामं ते डाव्या हाताने रेटत होते. हाड ओढायचा पेशंट आला, की त्यांच्या पोटात दुखायचं किंवा त्यांना बँकेत जायचं असायचं. मग बाईंना स्वतः ओढायला लागायचं. पाच दिवस बाईंनी बघितलं. सहाव्या दिवशी त्या भर व्हरांड्यात समोर आल्या, पाच-सहा पेशंट बाकावर बसलेले असताना मास्तरांचा उजवा हात धरला आणि अंगठ्याच्या बुडाशी दाबलं.

मास्तर असे ओरडले, की बाकावरचे लोक उठून उभे राहिले.

"एक्स-रे," बाई म्हणाल्या. "आत्ता."

फोटो उजेडावर धरला तेव्हा मास्तरांना कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. त्या काजूएवढ्या हाडाच्या पोटात काळी गोल पोकळी होती, भोवती पांढरी कड, आणि पोकळीतून आरपार गेलेली चीर.

"सिस्ट आहे," बाई म्हणाल्या. "वर्षानुवर्षं हाड आतून खात बसलेली. वर नुसतं कवच उरलं होतं, तेही फुटलं. दुखत कधीपासून होतं?"

"नव्हतं दुखत."

"मोडलं कधी?"

"परवा. न्हाणीघरात पाय घसरला."

"परवाची सूज अशी नसते, हे तुम्हीच मला शिकवू शकाल. असो. खोटं बोलायचं तर बोला, पण हाडाला ते समजत नाही. उघडायला लागेल. आतली घाण खरवडून काढायची, मनगटाच्या वरच्या हाडातून थोडं चांगलं हाड घ्यायचं, ते पोकळीत ठासून भरायचं आणि एक स्क्रू. गुरुवारी करू."

"तुमच्या हातून?" मास्तर फिस्कारले. "मोठ्या डॉक्टरांना बोलवा. ते करतील."

"त्यांच्याच्याने सुपारीएवढं बटण लागत नाही आता. माझ्यावर राग काढायचाय ना? काढा, पण बरा झाल्यावर त्याच हाताने काढा."

मास्तर तणतणत घरी आले. बायकोने सगळं ऐकून घेतलं. ती काही ऐकून गप्प बसणाऱ्यातली नव्हती.

"वर्षभर मी कानीकपाळी ओरडत होते, हात दाखवा, हात दाखवा. हजार लोकांची मनगटं बघता आणि स्वतःचं बघायला तुम्हाला लाज वाटते? आणि न्हाणीघरात कधी घसरलात हो? मला कसं नाही कळलं?"

"गप्प बस गं."

"मी का गप्प बसू? तिकडे ती इस्त्रीवाली दुकान बंद करून बसलीय. आज गेले होते बघायला. म्हणते, मास्तरांनी बसवलंय म्हणजे बसलंयच, पण वहिनी, रात्रंदिवस ठणकतंय आणि बोटं अशी एका बाजूला का दिसतात? मी म्हटलं, विचारते यांना."

मास्तरांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. ठेवला कसला, सुटला हातातून.

बायको बघत राहिली. इतक्या वर्षांचा संसार, तिला काय फोड करून सांगायला लागतंय? "अहो," ती हळूच म्हणाली, "सोमवारी तुम्ही तिचा हात ओढलात. तेव्हाच का?"

मास्तर खाली वाकून तांब्या उचलायला लागले.

"म्हणजे तिचं बसलं नाही, आणि तुम्हाला माहीत आहे."

"अगं, मी सांगितलं तर ती बया मला उभ्या उभ्या हाकलेल! एकतीस वर्षांचं नाव आहे माझं. एका फटक्यात मातीत जाईल."

"आणि तिचा हात? सहा दिवस झालेत. अजून किती दिवस ओढून बसवता येतं? तुम्हीच सांगता ना सगळ्यांना, की पंधरा दिवस गेले, हाड चिकटलं, की मग कापायलाच लागतं?"

"सांगेन मी. ऑपरेशन होऊ दे. मग सांगेन."

"तुम्ही नाही सांगितलंत तर मी जाऊन सांगेन."

"जा! जा सांग! नवऱ्याची अब्रू वेशीला टांग!"

ती गेली नाही. पण त्यानंतर तीन दिवस ती मास्तरांशी एक शब्द बोलली नाही, ताट पुढे ठेवतानाही नाही. मास्तरांना वाटलं, बरंय, शांतता आहे. कसली शांतता! दाराबाहेर कुणाचं पाऊल वाजलं, की इस्त्रीवालीच आली असं वाटून ते उठून आतल्या खोलीत जायचे.

गुरुवारी काखेत इंजेक्शन देऊन त्यांचा हात बधिर केला. झोपेचं औषध मास्तरांनी साफ नाकारलं. "मला बघायचंय तुम्ही काय करता ते."

"बघता येणार नाही, मधे पडदा आहे. ऐका हवं तर," बाई म्हणाल्या.

आणि मास्तर ऐकत राहिले. हात बधिर होता, पण आवाज सगळे येत होते. बारीक चमचा हाडात फिरायला लागला. खरवड, पुसणं, पुन्हा खरवड. बाई सिस्टरला सांगत होत्या, आत चिकट लगदा आहे, सगळा काढायचा, कड कोरी लागेपर्यंत सोडायचं नाही, थोडा जरी राहिला तरी पुन्हा होईल. घाई नाही, चिडचिड नाही. मास्तरांना उगाचच राग आला. इतकी बारकाईने काम करते ही, मग हिला शिव्या तरी कशाच्या द्यायच्या?

"मास्तर, सुदैव तुमचं," बाई पडद्याआडून म्हणाल्या. "तुकडे अजून सरकलेले नाहीत. आणखी दोन-तीन आठवडे असेच लपवत राहिला असतात, तर हे हाड मेलं असतं, मनगट कायमचं आखडलं असतं. वेळेवर सापडलं म्हणून पूर्ण भरून येईल."

वेळेवर सापडलं. बोलायचं नाही असं ठरवलेलं तोंड आपोआप उघडलं.

"बाई, इस्त्रीवालीला बोलावून घ्या."

"कोणाला?"

"गेल्या सोमवारची मनगटाची पेशंट. तिचं बसलेलं नाही. ओढताना माझंच हाड मोडलं, तिचं परत सरकलं. मी दुसरा फोटो काढू दिला नाही."

चमचा थांबला.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"तेव्हापासूनच."

"दहा दिवस," बाई म्हणाल्या. आवाज असा, की सिस्टरने हातातला ट्रे खाली ठेवला. "आता एक शब्द बोलायचा नाही, मास्तर. माझा हात तुमच्या हाडात आहे आणि मला तो हलू द्यायचा नाहीये. एक शब्दसुद्धा नाही. सिस्टर, एक्स-रेवाल्याला त्या बाईंच्या घरी पाठवा. आणि तिला काही खाऊपिऊ नको म्हणावं."

चमचा पुन्हा सुरू झाला. तितकाच सावकाश, तितकाच नेटका. भरायचं हाड भरलं, स्क्रू बसला, टाके पडले. बाईंनी मास्तरांच्या हातावर स्वतः प्लास्टर घातलं, एक्स-रे काढवला, बघितला आणि एकही शब्द न बोलता त्या निघून गेल्या. मास्तरांना वाटलं, हिने आपल्या चार मुस्काटात मारल्या असत्या तर परवडलं असतं.

दुपारी इस्त्रीवाली आली. मास्तरांची बायको तिला धरून घेऊन आली होती. प्लास्टर कापलं, फोटो निघाला. हाड मागे सरकलेलं, दबून आखूड झालेलं, आणि चिकटायला लागलेलं. बाईंनी ते तिला उजेडावर धरून दाखवलं. मग त्यांनी फक्त मास्तरांकडे बघितलं. मास्तर गळ्यातल्या झोळीत हात घालून कोपऱ्यात उभे होते.

त्यांनी सांगितलं. जमेल तसं, अडखळत, पण सगळं सांगितलं.

इस्त्रीवाली आधी हसली. तिला खरंच वाटलं, थट्टा चाललीय. मग तिचा चेहरा लाल झाला.

"दहा दिवस मी तुमच्या नावाने डोळे मिटून झोपत होते, मेल्या! ठणकलं की म्हणत होते, मास्तरांनी लिहिलंय ना, मग ठणकू दे! पोरगी म्हणत होती, आई, दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. मी तिच्यावरच खेकसले!"

"चुकलं माझं."

"चुकलं? चुकणं म्हणजे बटण जळणं! हे चुकणं नव्हे!"

बाई मधे पडल्या. हात बधिर करून एकदा ओढून बघू, आलं तर ठीक, नाही आलं तर उघडून आत धातूची पट्टी बसवू. जोर पुष्कळ लागेल, कोपर धरायला भक्कम माणूस हवं.

"मी धरतो," मास्तर म्हणाले. "डावा चांगला आहे माझा. कुठे किती नेट लावायचा ते मला—"

"यांचा हात मला नको," इस्त्रीवाली म्हणाली. "आणि त्या फोटोवाल्याचाही नको. त्या दिवशी हेच दोघं होते."

मग मास्तरांच्या बायकोने पदर खोचला. "मी धरते. कसं धरायचं ते दाखवा, बाई." आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही बाहेर थांबा."

मास्तर बाहेर आले. व्हरांड्यातल्या बाकावर बसले. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. इतकी वर्षं ते आतून पेशंटना दटावत आले होते, ओरडू नका, बाहेर लोक ऐकतात. बाहेर एक अक्षर ऐकू येत नव्हतं. शेजारच्या माणसाने विचारलं, "तुमचं कोण आहे आत?" मास्तरांनी तोंड दुसरीकडे फिरवलं.

तासाभराने बाई फोटो घेऊन आल्या. केस घामाने कपाळाला चिकटलेले. खिडकीच्या उजेडात त्यांनी फोटो धरला, आणि मास्तर न बोलावता जाऊन शेजारी उभे राहिले. हाड आलं होतं. बरंचसं आलं होतं.

"अंगठ्याच्या अंगाला कमी आहे," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "थोडं आखूडच राहिलंय."

"तेवढं राहणार. आणखी ओढलं असतं तर तुकडे झाले असते. पहिल्याच दिवशी ते अलगद आलं असतं, तुम्हालाही आणि मलाही. उघडून पट्टी बसवू का विचारलं, ती म्हणते आता कुणाला कापू देणार नाही." बाईंनी फोटो पाकिटात सरकवला. "मनगट पूर्ण वळणार नाही तिचं. हे मी तिला सांगितलेलं नाही. तुम्ही सांगायचं. आणि उद्यापासून प्लास्टरच्या खोलीत यायचं नाही."

मास्तरांनी मान हलवली. नोकरीचं ऐकून काही वाटेल असं त्यांना वाटलं होतं. काही वाटलं नाही.

इस्त्रीवाली आतल्या खाटेवर पडली होती. नवीन प्लास्टर उशीवर ठेवलेलं. मास्तरांची बायको उशाशी बसून तिच्या तोंडावरून ओला रुमाल फिरवत होती.

"हाड आलंय," मास्तर म्हणाले. "पण मनगट पूर्ण वळणार नाही. थोडी कसर राहील. कायमची. ती माझ्यामुळे."

तिने तोंडावरचा रुमाल बाजूला सारला.

"इस्त्री उचलता येईल?"

"येईल. तीन-चार महिन्यांनी. उजव्या बाजूला वळवताना अडेल."

"आणि तुमचं हो?" तिने त्यांच्या झोळीकडे नजर टाकली. "तुमचं कुणी केलं?"

"बाईंनी."

"बरं होईल?"

मास्तरांना खोटं बोलायची फार इच्छा झाली.

"होईल," ते म्हणाले.

"पूर्ण?"

"पूर्ण."

"वा!" इस्त्रीवाली म्हणाली, आणि तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.